साडेचौऱ्याण्णव

१. सव्वानऊचा फोन

रविवारी सकाळी सव्वानऊला आईचा फोन वाजला आणि पलीकडच्या बाई एवढ्या मोठ्याने बोलल्या, की मला बाथरूममध्ये दात घासताना ऐकू आलं.

“तुमच्या माणसाने माझं व्हायोलिन नेलंय!”

मी ब्रश तोंडात ठेवूनच बाहेर आले. आईच्या हातात चहाचा कप होता. तो ना तोंडाला लागला ना टेबलाला, मधेच थांबला.

“कुठल्या माणसाने?” आईने विचारलं.

“किती माणसं आहेत तुमच्याकडे?”

खरं उत्तर होतं, एक. आमच्या धंद्यात आम्ही तिघं. आई मालकीण, मामा कारागीर, आणि शनिवार-रविवार मी, म्हणजे बाकी सगळं. कुणाची खिडकी फुटली, दार तुटलं, की आम्ही प्लायवुड घेऊन धावतो आणि नवी काच किंवा नवं दार येईपर्यंत ते भगदाड बंद करून देतो. आमच्या गाडीवर लिहिलंय, ‘काच फुटली? तासाभरात फळी!’ खालचं तडकलेल्या काचेचं चित्र माझं. ते कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं असं सगळे म्हणतात. म्हणोत.

आदल्या दिवशी आम्ही एकच काम केलं होतं, तारकाकांच्या दुकानाचं. ते तारांची वाद्यं दुरुस्त करतात, म्हणून तारकाका. त्यांचं खरं नाव त्या रस्त्यावर कुणालाच ठाऊक नसावं.

आईने फोन ठेवला. “तारकाकांकडे दुरुस्तीला दिलेलं एक व्हायोलिन गायब आहे. आपली फळी जागच्या जागी आहे. दाराचं कुलूप शाबूत आहे. काल फळी लागल्यापासून आत कोणी गेलेलं नाही.”

“मग?” मी म्हणाले. फेस उडाला.

“मग त्याआधी आत कोण होतं, असं विचारतायत.”

आम्ही दोघींनी मामाकडे बघितलं. बघायला नको होतं. पण मान वळलीच.

मामा डाव्या हाताने पाव खात होता. त्याने तो बशीत ठेवला.

“परत?” तो म्हणाला.

बस, एवढंच. पण त्या ‘परत’मध्ये काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मामा एका गोदामात कामाला होता. तिथून काही खोकी नाहीशी झाली. कुणी काही सिद्ध केलं नाही, कुणी पोलिसांत गेलं नाही. फक्त ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणाले. त्यानंतर चार महिने त्याला कुणी दारात उभं केलं नव्हतं. मग आईने गाडी घेतली आणि त्याच्या हातात पाना दिला.

आता तोच पाना आमच्या अंगावर येत होता.

२. मेहुण्याएवढी खिडकी

शनिवारी नेमकं काय झालं ते मी क्रमाने सांगते. मला सगळं आठवतं. नाही, एक गोष्ट सोडून, आणि ती माझी चूक आहे.

शनिवारी शाळा अर्धी. मी घरी येऊन फोनशी बसते. फोन आला की वहीत पाच गोष्टी लिहायच्या असा आईचा नियम आहे: कोण, कुठे, काय फुटलं, माप किती, वाजले किती. मी चार लिहिल्या. वाजले किती ते राहिलं, कारण माझ्या दुसऱ्या हातात सफरचंद होतं.

“दुकानाची समोरची काच फुटली आहे,” तारकाका म्हणाले होते. आवाज बसलेला. “रुंदी एकशे अडतीस. उंची साडेचौऱ्याण्णव. जरा लवकर या, आत वाद्यं आहेत, धूळ चालत नाही त्यांना.”

मामाने माप वाचलं आणि हसत सुटला. “साडे? अगं टाचणे, फुटक्या खिडकीपाशी उभं राहून अर्धा सेंटीमीटर कोण मोजतं?”

टाचणी म्हणजे मी. मला ते आवडतं, पण हे त्याला सांगू नका.

“लोक लांबून हात पसरतात आणि अंदाजे सांगतात,” मामा म्हणाला. “परवा एकाने सांगितलं, ‘माझ्या मेहुण्याएवढी आहे.’”

“मेहुणा केवढा?”

“तेच तर विचारलं मी! म्हणाला, ‘बसलेला.’”

हे नुसतं विनोदाचं नाही. काच फुटली की सगळी पडत नाही. चौकटीच्या खाचेत तिचे दात राहतात, चारी बाजूंनी, मगरीच्या जबड्यासारखे. ते काढल्याशिवाय आत टेप लावता येत नाही. म्हणून गिऱ्हाइकाचं माप आम्ही ऐकून घेतो आणि सोडून देतो. अख्खा प्लाय गाडीवर घालायचा, तिथे जाऊन दात उपटायचे, स्वतः मोजायचं, मगच करवत चालवायची.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारचे फ्रेमवाले खिडकीसमोर हाताची घडी घालून उभे होते. ते फोटोंना आणि चित्रांना चौकटी करतात. एवढा रुंद माणूस की अर्धी खिडकी त्यांनीच बंद केली होती.

तारकाका आत स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून. गळ्यात काळा दोरा आणि त्याला दोन किल्ल्या, एक मोठी, एक चिमुकली. त्यांच्या मागे चेलो होता, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, जवळजवळ माझ्या खांद्याइतका. तो त्यांनी चादरीत गुंडाळला होता, आंघोळ घातलेल्या बाळासारखा. शेजारीच त्याची उंच काळी पेटी उभी होती.

काच थोडी आत होती, थोडी बाहेर. पुस्तकांत गुप्तहेर काच कुठे सांडली ते बघून सगळं ओळखतात. आम्हाला विचारा. काच दोन्हीकडे उडते. तिला गुप्तहेरांची काही पडलेली नसते.

मामाने पकडीने एकेक दात उपटला. हातमोजे घालून. आईचा नियमच आहे, हातमोजे काढले तर आठवडाभर काम बंद. मग त्याने टेप लावली, आणि थांबला. पुन्हा लावली.

“एकशे अडतीस,” तो म्हणाला. “साडेचौऱ्याण्णव! काका, नाव काढलंत! एवढ्या कामांत पहिलं गिऱ्हाईक, ज्याचं माप खरं निघालं.”

काका हसले नाहीत.

फळी बाहेरून लावतात, पण कसतात आतून. बोल्टची डोकी बाहेर राहतात, गुळगुळीत, कुठलाही पाना धरत नाही. ते फळीतून आरपार आत जातात, आत आडव्या लाकडी पट्ट्या, आणि त्यावर नट. म्हणजे बाहेरून कुणी काय वाटेल ते करो, फळी निघत नाही. पण म्हणजेच एका माणसाला आत जावं लागतं. बाहेर आई आणि मी फळी धरून. तारकाका फ्रेमवाल्यांच्या दुकानात पाणी पीत. आणि मामा आत, अंधारात, तोंडात टॉर्च धरून.

एकटा. पंधरा मिनिटं.

बाहेर आला तेव्हा त्याचा उजवा हात खिशात होता.

३. पाच वाजेपर्यंत

रविवारी सकाळी दहाला आम्ही तिघं त्या दुकानात उभे होतो.

व्हायोलिनबाई उंच होत्या आणि रागाने आणखी उंच दिसत होत्या. त्यांच्यासमोर मांडीवर घ्यावी अशी व्हायोलिनची पेटी उघडी पडली होती. रिकामी. आत फक्त मखमलीवर व्हायोलिनच्या आकाराचा खळगा.

“हे वाद्य माझ्या आजोबांचं,” त्या म्हणाल्या. “तीन आठवडे इथे आहे. आधी म्हणाले बुधवारी या, मग म्हणाले शुक्रवारी या. शेवटी काल सकाळी फोनवर म्हणाले, तयार आहे, रविवारी न्या. आज आले तर हे!”

“त्या खुंटीला टांगलं होतं,” तारकाका म्हणाले. कुणाकडेच न बघता. “रोगण वाळायला.”

“आणि त्या खुंटीखाली तुमचा माणूस एकटा होता,” बाई आईला म्हणाल्या. “एवढी लांब पिशवी घेऊन.”

पिशवी खरंच लांब आहे. तिच्यात करवत मावते. म्हणजे व्हायोलिनही मावतं. हे मला तेव्हाच सुचलं आणि सुचल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

“पिशवी बघा की,” मामा म्हणाला.

“आज बघून काय उपयोग?”

आई शांत होती. ती शांत असली की मी एक पाऊल मागे सरकते. “बाई,” ती म्हणाली, “माझा भाऊ चोर नाही.”

“प्रत्येकीचा भाऊ असाच असतो.”

“काका, तुम्ही तरी सांगा. तुम्हाला वाटतं, याने नेलं?”

तारकाकांनी उत्तर दिलं नाही. खरं सांगते, त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. ते नुसते टेबलावरची लाकडाची धूळ बोटाने एका रेषेत लावत बसले. त्यांचं बोट थरथरत होतं.

“आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत,” बाई म्हणाल्या. “वाद्य परत आलं तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही आलं तर पोलीस. आणि या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात मी स्वतः जाऊन सांगेन कुणाला बोलवू नका.”

आई मामाला घेऊन बाहेर गेली. मी नाही गेले. मागच्या वर्षीची, कुणाशी न बोलणारी मी असते तर सगळ्यात आधी बाहेर पडले असते, पण आता नाही. मी वही काढली.

“काका, ही दाराची किल्ली एकच?”

“एकच. गळ्यात असते.”

“काल काच फुटली तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“आतच. पाठमोरा. दगड आला वाटतं.”

“तुमचं माप अगदी बरोबर निघालं. मामा अजून बोलतोय त्याच्याबद्दल.”

“हं. फुटल्यावर लगेच मोजलं ना. टेप हाताशीच असते.”

“मला वाटलं, पाठ असेल.”

“पाठ कशाला असेल? ही काच माझ्याआधीची आहे. मोजायची वेळच आली नव्हती कधी.”

मी ते लिहून घेतलं, फक्त काहीतरी लिहायचं म्हणून. मग शेजारी गेले.

फ्रेमवाले एका चौकटीला खिळे मारत होते. “ये गं. तुझा मामा तसा वाटत नाही. पण माणसाचं काय सांगावं?”

“तुमचं काय सांगावं?” मी विचारलं.

ते मोठ्याने हसले. “माझ्यावर संशय? छान! लिही. आवाज झाला तसा मी तीन ढांगांत बाहेर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग तुम्ही येईपर्यंत तिथेच उभा होतो, पहारा दिला. एक बोट कुणाला लावू दिलं नाही त्या खिडकीला.”

“काका काय करत होते?”

“बसले होते बिचारे स्टुलावर. मी विचारलं, काही गेलं तर नाही ना? म्हणाले, बघतो. पण जागचे हलले नाहीत.”

“दगड सापडला?”

त्यांचा हातोडा थांबला. “नाही बुवा,” ते म्हणाले. “मलाही त्याचंच नवल वाटलं होतं.”

४. कपाटावरचं गाठोडं

घरी आलो. आई गाडीत बसून फोनवर कुणाशी तरी बोलत होती. मामा गच्चीवर गेला. आणि मी आमच्या मधल्या खोलीत उभी राहून विचार करत होते, दगड नाही, चोर नाही, वाट नाही. मग उरतं कोण?

तेव्हा मला आठवलं.

शनिवारी आल्या आल्या मामा या खोलीत शिरला होता. दार लोटून घेतलं होतं. स्टूल सरकल्याचा आवाज आला होता. आणि तेव्हापासून तो सगळं डाव्या हाताने करत होता, जणू उजवा दुसऱ्या कुणाचा.

मी स्टूल कपाटाला लावलं.

चढताना मी स्वतःला सांगत होते, की मी मामावर संशय घेत नाही, मी फक्त खात्री करते आहे. हे वाक्य मला वर चढेपर्यंत पुरलं. वर बॅगांच्या मागे एक गाठोडं होतं. आमचा निळा टॉवेल, घट्ट गुंडाळलेला. लहान होतं, व्हायोलिनएवढं नव्हतं. पण व्हायोलिन सुटं होत असेल तर?

मी टॉवेल उलगडला. आत रक्त होतं. वाळून काळं झालेलं, भरपूर. आणि एक हातमोजा.

“खाली ये, टाचणे,” मागून आवाज आला. “पडशील.”

मामा दारात उभा होता.

मी उतरले.  

त्याने उजवा हात पुढे केला. तळव्यावर आडवी जखम, चिकटपट्ट्या लावलेली, वेडीवाकडी, एका हाताने लावतात तशी. “हातमोज्यातून नट धरता येत नाहीत. सुटतात. म्हणून काढला एक. खालच्या खाचेत एक दात राहिला होता, नखाएवढा. तळवाच ओढला गेला. ताईला कळलं असतं तर आठवडा घरी बसवलं असतं.” त्याने हात परत खिशात घातला. “मला विचारायचं होतंस ना.”

“मी फक्त...”

“हो. सगळे फक्तच करतात.” तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. “असू दे. तुझ्या जागी मी असतो तर मीही चढलो असतो.”

तो वळला. मी टॉवेल हातात घेऊन तशीच उभी. घड्याळात पावणेदोन झाले होते. आणि माझ्या डोक्यात, लाज वगैरे सगळ्याच्या खालून, एक गोष्ट वर येत होती.

नखाएवढा दात.

“मामा! थांब! तू सगळे दात काढले होतेस ना, मोजायच्या आधी?”

“मला वाटलं सगळे. एक राहिला.”

“म्हणजे सगळे काढूनसुद्धा तुझा हात कापला.”

“शंभर खिडक्यांचा हात आहे, कौतुक कर.”

“मग सगळे दात जागेवर असताना,” मी म्हणाले, “तारकाकांनी आत टेप कशी लावली?”

५. वहीतलं एक वाक्य

मी वही त्याच्या नाकासमोर धरली. “हे बघ. ‘फुटल्यावर लगेच मोजलं.’ त्यांचे शब्द आहेत. अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत! चौकटीच्या काठापासून काठापर्यंत! आणि हाताला ओरखडा नाही. मी बघितलंय, ते धुळीच्या रेषा काढत बसले होते.”

“आधी कधीतरी मोजलं असेल.”

“तेही विचारलं. नाही म्हणाले. काच त्यांच्याआधीची. मोजायची वेळच आली नव्हती.”

“फ्रेमवाल्याने मोजून दिलं असेल. त्याचा धंदाच तो.”

“फ्रेमवाले म्हणतात, एक बोट कुणाला लावू दिलं नाही. त्यात ते स्वतःही आले.”

मामा स्टुलावर बसला. “मग मोजलं कधी?”

“काच अख्खी असताना. शांतपणे, टेप काचेला टेकवून. ज्याला माहीत होतं की ही आता फुटणार आहे, त्याने. आधी मोजलं, मग फोडली, मग फोन. धूळ चालत नाही ना वाद्यांना, म्हणून फळी अगदी बरोबर बसायला हवी होती.”

“स्वतःच्या दुकानाची काच? कशाला?”

“व्हायोलिन चोरीला जाण्यासाठी.” हे बोलताना मला छान वाटलं, हे लपवत नाही. “खिडकी फुटली, चोर आला, घेऊन गेला. संपलं. पण फ्रेमवाले तीन ढांगांत बाहेर आले आणि पहारा देत बसले! आता चोर आला कुठून म्हणणार? म्हणून काका काल काहीच बोलले नाहीत. ‘बघतो’ म्हणाले आणि बघितलंच नाही. आज बाई आल्यावर बोलावं लागलं. आणि तेव्हा समोर आपण होतो.”

“पण त्यांना व्हायोलिन हवं कशाला? दुकान भरलंय व्हायोलिनांनी.”

मी वहीची पानं उलटली. कारण ते मला माहीत नव्हतं. बुधवार. शुक्रवार. रविवार. थरथरणारं बोट.

आणि चादर.

“मामा,” मी म्हणाले, “तुझ्याकडे एखादं महाग वाद्य आहे, समोर काच फुटून धूळ उडतेय, आणि शेजारीच त्याची पेटी उभी आहे. तू वाद्य कशात ठेवशील?”

“पेटीत. हा काय प्रश्न झाला?”

“आई!” मी जिन्यातूनच ओरडले. “गाडी काढ!”

६. चिमुकली किल्ली

साडेतीनला दुकानात सगळे होते. बाई दाराशी, फ्रेमवाले त्यांच्या मागे, आई, मामा. तारकाका त्याच स्टुलावर. चेलो अजून चादरीत.

मी खूप मोठं भाषण तयार केलं होतं. पण काकांचा चेहरा बघितला आणि अर्धं विसरले. म्हणून मी फक्त टेप त्यांच्यासमोर ठेवली.

“काका, काल खिडकी तुम्ही फुटल्यावर मोजलीत?”

“सांगितलं ना सकाळी.”

“फ्रेमवाले काका, आम्ही येईपर्यंत ते खिडकीजवळ गेले होते?”

फ्रेमवाल्यांनी डोकं खाजवलं. “नाही. स्टुलावरून उठलेच नाहीत.” मग ते हळूच म्हणाले, “आणि जाऊन करतात काय? चारी बाजूंनी काचा होत्या. मीसुद्धा हात घातला नसता, आणि माझं आयुष्य काचेत गेलंय.”

“मामाने सगळ्या काढल्या, तरी एकीने त्याचा हात फाडला. दाखव, मामा.”

मामाने तळवा दाखवला. आईने तो बघितला, मग मामाकडे बघितलं. त्याचा हिशेब नंतर होणार हे सगळ्यांना कळलं.

“अंदाजाने सांगितलं असेल,” काका म्हणाले.

“साडेचौऱ्याण्णव? अंदाजाने?”

 बाई सावकाश पुढे आल्या. त्यांचा राग कुठेतरी अडकला होता. “तिला काय म्हणायचंय?” त्यांनी काकांना विचारलं.

मी म्हणाले, “एकच विचारायचंय. चेलो चादरीत का आहे?”

काकांनी डोळे मिटले. मग त्यांनी गळ्यातला दोरा काढला. चिमुकली किल्ली त्यांना कुलपात घालता येईना. दोनदा घसरली. शेवटी मामाच पुढे झाला, डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि किल्ली आत जाईपर्यंत धरून ठेवलं.

पेटीत, चेलोच्या भल्यामोठ्या खळग्यात, मऊ कापडावर व्हायोलिन ठेवलेलं होतं. मान वेगळी. पुढच्या फळीला वरपासून खालपर्यंत उभी चीर. लाकडाचे तीन छोटे तुकडे कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर पेन्सिलीने लिहिलेलं, कुठला तुकडा कुठला.

“व्हायोलिनची ही पुढची फळी उघडत होतो,” काका म्हणाले. “पातळ सुरी घालून हळूहळू सोडवायची असते. हजार वेळा केलंय. हात हलला.” त्यांनी हात वर धरला. तो आताही हलत होता. “वर्षभर हलतोय. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोण देणार होतं वाद्य माझ्या हातात? वाटलं होतं, चोरीला गेलं म्हणू. चोराचं नाव नसतं. कुणाचं काही जाणार नव्हतं.”

“माझ्या भावाचं जाणार होतं,” आई म्हणाली.

“हो.”

“सकाळी मी तुम्हाला तोंडावर विचारलं. एक ‘नाही’ म्हणायचं होतं तुम्हाला. तुमच्या हाताचं मला वाईट वाटतं, काका. खरंच वाटतं. पण तुम्ही धुळीच्या रेघा ओढत बसलात.”

काका उठले. मामासमोर उभे राहिले. एवढा म्हातारा माणूस आणि हात जोडावेत की काय करावं ते त्यांना समजेना. “मी चुकलो रे बाबा,” ते म्हणाले. “या रस्त्यावर मीच सांगेन सगळ्यांना. एकेका दुकानात जाऊन.”

“जा,” मामा म्हणाला. मग टेप उचलून म्हणाला, “माप मात्र छान दिलंत.”

बाईंनी व्हायोलिन उचललं नाही. त्या खाली बसल्या आणि त्याच्या चिरेवरून बोट फिरवत राहिल्या. “मला सांगितलं असतंत,” त्या म्हणाल्या, “तर मी भांडले असते, रडले असते. आणि मग विचारलं असतं, आता कसं जोडायचं.” त्यांनी मान वर केली. “कसं जोडायचं?”

“माझ्याने नाही होणार.”

“तुम्ही शेजारी बसून सांगा. हात दुसऱ्या कुणाचे तरी घेऊ.”

फ्रेमवाले घसा साफ करून म्हणाले, “सरस आणि चिमटे माझ्याकडे आहेत. आणि हात, बघा, दगडासारखे.”

दगडावरून मला आठवलं. “काका, काच फोडलीत कशाने?”

“लाकडी हातोडीने,” काका पुटपुटले. “कापड गुंडाळून. फार आवाज होऊ नये म्हणून.”

“मला खिळे ठोकतानासुद्धा ऐकू आला!” फ्रेमवाले म्हणाले.

७. धरलीय

व्हायोलिनबाई त्यानंतर मामाकडे वळल्या होत्या. त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, कारण आईने मला मुद्दाम बाहेर पाठवलं. पण मामा गाडीत बसला तेव्हा त्याचे कान लाल होते, आणि घरापर्यंत तो शीळ घालत होता. अतिशय बेसूर.

त्याला आठवडाभर घरी बसवलं. हातमोज्यांचा नियम म्हणजे नियम. आणि आईने एक नवीन नियम काढला: आत जो नट कसायला जाईल, त्याच्याबरोबर दुसरं कुणीतरी असलंच पाहिजे. पुन्हा कुणी बोट दाखवायला नको. मामा नुसता ‘बरं’ म्हणाला. मला ते ‘बरं’ आवडलं नाही.

आठवडा संपल्यावरच्या शनिवारी चष्म्याच्या एका दुकानाची काच फुटली. फोन मी घेतला. वेळही लिहिली. माप विचारलं तर पलीकडचा म्हणाला, “मोठी आहे हो, पुष्कळ मोठी.” इतकं बरं वाटलं ऐकून!

दात काढून झाले, प्लाय कापून झाला. मामाने टॉर्च घेतला, दोन्ही हातमोजे आईसमोर नाचवून दाखवले आणि माझ्याकडे वळला.

“चल, टाचणे. आत चल. पहारा.”

मी डोकावून बघितलं. आत अंधार होता. शेकडो चष्मे कपाटांतून बघत होते. दुकानाचा मालक दाराशी उभा राहून आमच्याकडे, खास करून मामाकडे, बघत होता.

“मी बाहेरून धरते,” मी म्हणाले. “तू जा. एकटा.”

“नियम आहे ताईचा.”

मी आईकडे बघितलं. आईने मालकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग फळीची दुसरी कड उचलली. “आम्ही दोघी बाहेर लागतोच,” ती म्हणाली. “जा तू.”

मामा एक क्षण तसाच उभा राहिला. मग आत गेला.

मी दोन्ही तळवे फळीला टेकवले आणि सगळा जोर लावला. पलीकडे नट फिरायला लागला. त्याची थरथर लाकडातून माझ्या हातांत येत होती.

“धरलीस का?” आतून मामाने विचारलं.

“धरलीय,” मी म्हणाले.